बिनबाळाची बाळंतीण

खान्देशात माणसाला आजारी पडायची पूर्ण मुभा आहे, फक्त आजार ओळखीचा पाहिजे. मुतखडा चालतो. मूळव्याध तर आनंदानं चालते. प्रत्येक पाहुण्याकडे तिच्यावरचा एक झाडपाला असतो. हार्ट अटॅकला जळगावहून धुळ्याला गाड्या भरून माणसं येतात आणि परत जाताना पाचकंदीलला खरेदीही उरकून घेतात. पण ‘पोटावरची लोंबणारी कातडी काढून टाकली’ असं सांगितलं की भेटायला आलेला माणूस हातातली केळ्यांची फणी पुढं करावी की पाठीमागं लपवावी, या विचारात पडतो. हे दुखणं आहे की हौस? सहानुभूती दाखवायची की अभिनंदन करायचं?

माझ्या बाबतीत हा प्रश्न धुळ्यानं आपल्या पद्धतीनं सोडवला. ते पुढं येईलच.

आधी त्या पोटाविषयी. माझं वजन शंभरीच्या पुढं गेलं त्यात माझा एकटीचा हात नव्हता, जिल्ह्याचंही योगदान होतं. जळगावच्या भरताच्या वांग्याला आणि केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. माझं पोट त्याच मातीतल्या मालावर, इथल्याच तेलामिरचीवर, घरच्या चालीरीतीनं तयार झालेलं होतं. अर्ज केला असता तर त्यालाही मिळालं असतं. हिवाळा लागला की शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, हिरव्या मिरच्यांसकट ठेचायची, वर कळण्याची भाकरी आणि पुऱ्या दोन्ही घ्यायच्या, कारण कोणालाच नाराज करायचं नाही. शेवभाजीवरचा तेलाचा तवंग बाजूला सारून खाणारा माणूस आमच्याकडे सोयरिकीलाही चालत नाही.

शेवटी साखर, गुडघे आणि रक्तदाब असं त्रिकूट जमल्यावर मी जठराची शस्त्रक्रिया करून घेतली. यात जठराचा जवळपास पाऊण भाग काढतात आणि उरलेल्याची नळी करतात. ही शस्त्रक्रिया लोकांना समजावणं सोपं गेलं. नितीन गडकरींनी 2011 साली वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, हे सगळ्यांनी पेपरात वाचलेलं. ‘गडकरींनी केलं त्या जातीचं’ म्हटलं की सासरची मंडळी मान डोलवायची.

वजन उतरलं. कातडी मात्र उतरली नाही. त्वचेत कोलॅजेन आणि इलॅस्टिन नावाचे धागे असतात; वर्षानुवर्षं ताणले गेले की जुन्या परकराच्या नेफ्यातल्या इलॅस्टिकसारखे ते पुन्हा आखडत नाहीत. व्यायाम करा, असं सगळे सांगतात. व्यायामानं चरबी जाते, स्नायू घट्ट होतात, पण कातडीला त्याचं सोयरसुतक नसतं. मी मेहरूण तलावाला फेऱ्या घालायची तेव्हा ती माझ्याबरोबर फेऱ्या घालायची, अर्धं पाऊल मागं राहून. त्यात आमचा मे महिना. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकलेला आणि पोटाच्या घडीत घाम, पुरळ, पावडरीचा राप. रात्री दोनला उठून कूलरसमोर पोटाची घडी उचलून धरणाऱ्या बाईला जो भेटेल तो म्हणतो, ‘किती छान बारीक झालीस गं!’

विम्याचंही ऐकून घ्या. आपल्या विमा नियामकानं आरोग्यविम्यातून वगळायच्या गोष्टींना क्रमांक दिले आहेत. लठ्ठपणावरचे उपचार सहाव्या क्रमांकावर आहेत, पण तिथं एक दार किलकिलं ठेवलंय: बॉडी मास इंडेक्स चाळीस असेल, किंवा पस्तीस आणि सोबत मोठं दुखणं असेल, तर शस्त्रक्रिया मंजूर होऊ शकते. सौंदर्याच्या शस्त्रक्रिया आठव्या क्रमांकावर. म्हणजे मी जाड होते तेव्हा विम्याच्या लेखी रुग्ण होते. बारीक झाले आणि सौंदर्यवती ठरले. बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मला हा किताब पहिल्यांदाच मिळाला, तोही दावा फेटाळण्याच्या पत्रात.

नाशिकच्या सर्जननं आधी वजन सहा महिने एका आकड्यावर थांबवून दाखवायला सांगितलं. ते झाल्यावर म्हणाले, “हिवाळ्यात करू, उन्हाळ्यात पट्टा सहन होत नाही.” हिवाळ्यात सराव परीक्षा, स्नेहसंमेलन, मतदार याद्या. शिक्षिकेचं शरीर वर्षातून फक्त मे महिन्यात तिच्या मालकीचं असतं. तारीख सुट्टीतली ठरली. सासर जळगावला, दवाखाना नाशिकला आणि माहेर धुळ्याला, बरोबर वाटेवर. सासूबाई म्हणाल्या, “आईकडेच राहा. हे बाईमाणसाचं काम आहे, आमच्या इथं तुला कोण बघणार?” पोटाचं ऑपरेशन, पहिला मुक्काम माहेरी, सोबत वहिनी. धुळ्याला आणखी काय पुरावा पाहिजे?

ऑपरेशनचं थोडक्यात सांगते, जेवत असाल तर हा परिच्छेद सोडा. एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत खालच्या बाजूनं छेद घेतात. वरची कातडी सोडवून पडद्यासारखी खाली ओढतात, जादा भाग कापून टाकतात आणि शिवतात. बेंबी आपल्या देठावर जागच्या जागी राहते. वरून ओढलेल्या कातडीला नवं भोक पाडून तिला बाहेर काढतात. मधल्या मध्ये पोटाचे दोन उभे स्नायू, जे बाळंतपणात एकमेकांपासून फाकलेले असतात, ते टाके घालून जवळ आणतात. हे शेवटचं वाक्य डॉक्टरांनी आईसमोर उच्चारलं. आईनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी अजून भुलीत असते तर बरं झालं असतं. “मी तेव्हाच पोट बांध म्हणत होते. दोन्ही वेळेला. ऐकलं?”

राहुड घाट, मालेगाव करत आम्ही धुळ्यात पोचलो. जुन्या धुळ्यातल्या गल्ल्यांना नावांऐवजी आकडे आहेत, आणि आमच्या आकड्याच्या गल्लीत गाडी आत येत नाही. तेव्हा तोंडापासून घरापर्यंत चालत जावं लागलं. आता, कातडी कमी करून शिवल्यामुळे पहिले काही दिवस सरळ उभं राहायचं नसतं, टाक्यांवर ताण येतो. कमरेत वाकूनच चालायचं. पण चालायचं मात्र नक्की, पहिल्या दिवसापासून, नाहीतर पायात रक्ताची गाठ होण्याची भीती. मी भिंतींच्या कडेनं वाकून, एक हात पोटावर ठेवून सावकाश निघाले. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांचा समज झाला की मी पाया पडायला येतेय. एकेकीनं हात वर केला. घरी पोचेपर्यंत मी पाच वेळा अखंड सौभाग्यवती झाले होते. नंतर सासूबाई व्हिडिओ कॉलवर मला वाकून चालताना बघत होत्या, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर वीस वर्षांत न पाहिलेलं समाधान होतं.

झोपायचं कसं, हा पुढचा पेच. पाठ अर्धी उचललेली आणि गुडघ्यांखाली उशा, अशी स्थिती हवी. डॉक्टरांनी समजावलं, समुद्रकिनारी आरामखुर्चीत पडतात ना, तसं. धुळ्याला पांझरा आहे, तीही मे महिन्यात बहुतेक वाळूच. हँडलनं वरखाली होणारा दवाखान्याचा पलंग भाड्यानं आणायचं ठरत होतं, तेवढ्यात भावानं माळ्यावरून आजोबांची नवारीची खाट उतरवली. तिची नवार मधोमध इतकी सैल झालेली, की झोपलेल्या माणसाचं डोकं आणि पाय आपोआप वर आणि बूड जमिनीपासून चार बोटांवर. अंशाचाही फरक नाही. फोटो पाठवला तर डॉक्टरांनी अंगठा दाखवला. खाटेत पडायचं सोपं होतं, उठायला मात्र दोन माणसं लागायची.

तेवढीच दोन माणसं पट्ट्याला लागायची. डॉक्टर त्याला कॉम्प्रेशन गारमेंट म्हणतात. मांडीपासून छातीखालपर्यंत, कातडीच्या रंगाचा, आवळ कापडाचा. एका कुशीला हुकांच्या तीन रांगा आणि त्यावर चेन. सूज उतरावी, कातडी खालच्या थराला चिकटावी आणि मध्ये पाणी साठू नये म्हणून सहा आठवडे, आंघोळ सोडून अखंड. सकाळी हा सोहळा असे. मी श्वास सोडायची, वहिनी दोन्ही कडा खेचून धरायची आणि आई खालून हुक लावत वर यायची. पंधराव्या हुकापाशी खालचा तिसरा सुटायचा. मग आई परत खाली. एकदा तिघी घामानं निथळत असताना वीज गेली आणि वहिनी म्हणाली, “ताई, लग्नात शालू नेसवताना एवढे कष्ट नव्हते तुमचे.” मला हसायची बंदी होती. हसलं की आतले टाके मोजता येत. वहिनीला हे माहीत होतं आणि ती तेवढी साधी नाही.

पट्टा पाहून आईची खात्रीच पटली. पोट बांधलंय, वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही, घरकाम नाही, खोली वेगळी. तिनं माळ्यावरून डबा काढला आणि डिंक तळायला घेतला. चव्वेचाळीस अंशांत! माझ्या नळीएवढ्या जठरात एक लाडू मावायला दोन दिवस लागतात, जखम भरायला प्रथिनं हवीत, दिवसाला निदान साठ ग्रॅम, असं मी सांगून पाहिलं. तिनं लाडवात उडदाचं पीठ वाढवलं. शेक-शेगडी मात्र तिनं स्वतःहून रद्द केली, “बाहेर देवानंच लावलीय” म्हणून. बाळंतशेपा मिळाल्या. खरं सांगायचं तर त्या चांगल्या लागतात.

आता ड्रेन. पोटाच्या आतलं पाणी बाहेर यावं म्हणून खालच्या बाजूला दोन नळ्या ठेवलेल्या असतात, त्यांच्या टोकाला प्लास्टिकचे दाबायचे डबे. त्यात गुलाबी पाणी जमतं. चोवीस तासांत तीस मिलीच्या खाली आलं की नळी काढतात, तोवर मोजून लिहून ठेवायचं. आईनं जुन्या सुती लुगड्याच्या दोन पिशव्या शिवल्या, काठ बरोबर मधोमध येईल अशा, आणि त्या माझ्या गळ्यात अडकवल्या. हिशेब लिहायला तिनं भिंतीवरचं कॅलेंडर घेतलं, कारण घरातला सगळा हिशेब तिथंच असतो. ‘दूध 1 लि. डावी 60, उजवी 45.’ दुसऱ्या दिवशी ‘दूध 1 लि. डावी 50, उजवी 40.’ महिनाअखेरीला दूधवाला हिशेबाला आला. चष्मा लावून बराच वेळ कॅलेंडरपाशी उभा राहिला आणि म्हणाला, “वहिनी, आपली म्हैस तर एकच आहे. ही डावी कोणाकडून घेताय? आणि एवढंसं दूध देते, तरी ठेवलीय?”

या सगळ्यात आखाजी आली. अक्षय्य तृतीया बाकीच्या महाराष्ट्रात सोनं घेण्याचा दिवस असेल. आमच्या जळगावच्या सराफांचीही त्याला हरकत नाही. पण खान्देशात आखाजी म्हणजे लेकींचं माहेरी येणं. निंबाच्या झाडाला झोके, गौराईची गाणी, सांजोऱ्या, आमरस, आणि पुरुषांचे उघडउघड पत्त्यांचे डाव. म्हणजे गल्लीतली प्रत्येक सासुरवाशीण त्याच आठवड्यात गल्लीत हजर. बातमी कोणाला नको असते! रोज दुपारी चार-पाच जणी येत, खाटेभोवती बसत, आणि बोलता बोलता त्यांची नजर खोलीभर फिरे: दोरीवर, कोपऱ्यात, माझ्या कुशीशी. झोळी कुठं दिसत नाही, लंगोट वाळत नाहीत. दोरीवर फक्त तो कातडीच्या रंगाचा दुसरा पट्टा, चादरीखाली झाकलेला.

शेवटी समोरच्या घरातल्या आजी आल्या. नव्वदीच्या, ऐकू कमी येणाऱ्या, म्हणून बोलणं गल्लीला ऐकू जाईल असं. खाटेजवळ बसून त्यांनी माझ्या पट्ट्यावर हात फिरवला आणि विचारलं, “आंडोर व्हयना का आंडेर?” मुलगा झाला की मुलगी?

वहिनी उठून स्वयंपाकघरात गेली. आईनं आजींच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, “काहीच नही व्हयनं! पोट काढी टाकं!”

आजी विचारात पडल्या. मग माझ्याकडं बघून खऱ्या काळजीनं म्हणाल्या, “मंग जेवस कोठे तू?”

स्वयंपाकघरातून पातेलं पडल्याचा आवाज आला. मी उशी पोटाशी घट्ट धरली आणि सगळ्या सरकारी परिपत्रकांचे मथळे मनात आठवत राहिले, तेव्हा कुठं टाके वाचले. आजींनी जाताना कनवटीची पन्नासची नोट काढून माझ्या उशाला ठेवली. आंडोर असो, आंडेर असो, काहीच नसो, बाळंतिणीच्या हातावर काहीतरी ठेवायचं असतं.

आखाजीला आमच्याकडे पितरांची घागर पुजतात. वर डांगर, सांजोरी, आंबा. त्या सकाळी आईला वेगळीच शंका आली. माझी पावणेतीन किलो कातडी दवाखान्यानं काय केली? मी सांगितलं की नियम आहेत. 2016 पासून तर सविस्तर आहेत: माणसाच्या अंगाचा कापलेला भाग पिवळ्या पिशवीत घालायचा आणि तो जाळून नष्ट करतात. ‘जाळतात’ शब्दावर आई थांबली. जाळलं म्हणजे दहन. दहन म्हणजे सुतक. पावणेतीन किलोला किती दिवसांचं? आणि पहिल्या वर्षाची घागर भरायची का? भाऊ म्हणाला, एवढ्या वजनाची तर मुलंही जन्माला येतात, विचारून घे. आईनं खरोखर गुरुजींना फोन लावला. गुरुजींनी क्षणभरही न घेता सांगितलं, केसांचं आणि नखांचं धरता का? नाही ना? मग हेही धरू नका. विमा कंपनीला सतरा कागद लागले होते.

पण मला खरं छळलं ते मसाल्यानं. मे महिना हा उन्हाळकामांचा. धाब्यांवर बिबडे, पापड, कुरडया वाळताहेत आणि घराघरात वर्षाचा काळा मसाला होतोय. शेजारच्या काकूंनी एके सकाळी मोठ्या कढईत मिरच्या परतायला घेतल्या. खान्देशी मिरची भाजली जाते तेव्हा तिसऱ्या घरातलं मांजरही शिंकतं. पोटाचे स्नायू नुकतेच शिवलेल्या बाईला शिंक येणं म्हणजे काय, हे शब्दांत सांगता यायचं नाही. शिंक येताना दिसते. नाकात हुळहुळतं, आणि उशी हाताला लागत नाही. वहिनीनं माझ्या नाकावर ओला फडका धरला, आईनं दोन्ही हातांनी पोट दाबलं, भावानं खिडक्या लावल्या आणि कूलर बंद केला, कारण तोच बाहेरचा ठसका आत ओढत होता. मग बंद खोलीत आम्ही चौघं चव्वेचाळीस अंशांत, ओल्या फडक्याआडून एकमेकांकडं बघत बसलो. काकूंना कळल्यावर त्या धावत आल्या, फार हळहळल्या आणि किलोभर मसाला देऊन गेल्या. “बाळंतिणीला इतक्यात देऊ नका,” असंही सांगून गेल्या.

त्या बंद खोलीत भावानं मोबाईलवर या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचून काढला. 1899 साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हॉवर्ड केली नावाच्या डॉक्टरनं एका बाईच्या पोटावरचा लोंबता भाग काढल्याची नोंद आहे. भरला साडेसात किलोच्या आसपास.

“कसला डॉक्टर होता?” आईनं विचारलं.

“स्त्रीरोगतज्ज्ञ.”

आईनं फडका तोंडावरून खाली केला. सव्वाशे वर्षांपूर्वीचा बाल्टिमोरचा डॉक्टर आपल्या बाजूनं उभा राहिल्याचं तेज तिच्या चेहऱ्यावर होतं. “तेच म्हणतेय मी पहिल्या दिवसापासून,” ती म्हणाली.

यथावकाश नळ्या निघाल्या, कंबर सरळ झाली आणि नवरा न्यायला आला. बाळंतीण माहेराहून निघते तशी माझी पाठवणी झाली. मला दोन किलोच्या वर उचलायला बंदी, म्हणून आईनं ओटीचे गहू वजनकाट्यावर तोलून घातले. बाकीचं नवऱ्याच्या अंगावर: मसाल्याची बरणी, बिबड्यांचे पत्र्याचे डबे, पापड, लाडू आणि शेतावरून आलेलं गव्हाचं पोतं. गाडी गल्लीत येत नाही, हे मी सांगितलंच आहे. पोतं डिकीत ठेवताना त्याच्या कमरेतून एक आवाज आला आणि तो जसा वाकला होता तसाच राहिला.

पारोळा, एरंडोल गेलं, गाडी भाऊ चालवत होता. जळगावच्या घरात आम्ही शिरलो ते मी ताठ, आणि माझ्या मागून भिंत धरून, अर्धा वाकून, एक हात कमरेवर ठेवून नवरा. सासूबाईंनी भाकरतुकडा माझ्यावरून ओवाळायला आणला होता, तो त्यांनी न विचारता त्याच्यावरून ओवाळला.

उसण भरलीय! पंधरा मिनिटांत गल्ली गोळा झाली. माझ्यापाशी येताना घुटमळणारी तीच माणसं आता कशी मोकळी झाली होती. एकानं निर्गुडीचा पाला आणला, एकानं गरम विटेचा शेक सांगितला, एकानं स्वतःची 2009 सालची उसण उभी राहून करून दाखवली. केळ्यांच्या फण्या न लाजता पुढं येत होत्या. पायाळू माणसानं कमरेत लाथ मारली की उसण जाते, यावर एकमत झालं, आणि पिंप्राळ्यात एक पायाळू बाई आहेत, त्यांचा पाय फार गुणाचा आहे, असं समजल्यावरून दीर स्कूटर घेऊन गेला.

“तू काय उभी आहेस नुसती?” सासूबाई मला म्हणाल्या. “एवढी माणसं आलीत, चहा टाक. आणि ते डिंकाचे लाडू काढ, त्याच्या कमरेला चांगले.”